केडंब्याचे सहायक फौजदार



हंगाम चालू झाला की या पत्रिकेत तोडणीचा कार्यक्रम, साखर उतारा, ऊसबिलाची तारीख असा मजकूर येतो, आणि तो तसा यायलाच हवा. तुम्ही पत्रिका मुख्यतः तेवढ्यासाठी उघडता हे आम्हांला ठाऊक आहे. पण ऐन गळिताच्या दिवसांत, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, आणखी एक तारीख येते. २६ नोव्हेंबर. २००८ साली त्या रात्री आपल्या सातारा जिल्ह्यातल्या, जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचा एक माणूस मुंबईत गिरगाव चौपाटीवर नाकाबंदीला उभा होता. त्याच्या हातात काठी होती. समोर आलेल्या माणसाच्या हातात एके-४७ होती. पुढं काय झालं ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे. पण ऐकलेली गोष्ट पुष्कळदा अर्धीच असते. तेव्हा या अंकातली काही पानं आम्ही तुकाराम गोपाळ ओंबळे यांच्यासाठी राखून ठेवली आहेत.

जावळी हा काही ऊसवाल्यांचा मुलूख नव्हे. मेढ्याच्या वरच्या अंगाला गेलं की भाताची खाचरं, नाचणी-वरी, पाऊस उदंड आणि जमीन मात्र वावभर. पाणी पडतं तिकडं आणि पिकतं इकडं. वेण्णा नदी मेढ्यावरून खाली येते, कण्हेरला तिला बांध घातला आणि खालच्या शिवारात ऊस उभा राहिला. कोयनेच्या शिवसागरात तर जावळीची गावंच्या गावं बुडाली. आपण ज्याला पाट म्हणतो त्याच्या उगमापाशी कुणाचं तरी घर होतं, हे आपल्याकडं सहसा कुणी बोलत नाही, म्हणून इथं बोलून घेतलं.

मग तिकडच्या माणसानं करायचं काय? घरटी एक माणूस मुंबईला. कोणी गिरणीत साच्यावर, कोणी मशीद बंदरला पाठीवर पोती वाहणारा माथाडी, कोणी पलटणीत, कोणी पोलिसात. गावाकडं म्हातारी माणसं, बायका-पोरं आणि महिन्याची मनिऑर्डर. आपल्या जिल्ह्याला पलटणीचं नवल नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला तर 'मिलिटरी अपशिंगे' असंच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. जावळीचा गडीही त्याच मातीतला. तुकाराम ओंबळेही तसेच गरीब घरातून सैन्यात गेले. सिग्नल दलात नोकरी केली, नाईक होऊन निवृत्त झाले.

इथं जरा थांबू. पलटणीतून सुटलेला माणूस गावी येतो, पेन्शन घेतो, थोडी शेती बघतो, पोरांच्या लग्नाचं बघतो. कोणी त्याला नावं ठेवत नाही. ओंबळे १९९१ साली मुंबई पोलिसात शिपाई म्हणून भरती झाले. म्हणजे एक नोकरी पुरी केलेला, संसारी माणूस पुन्हा शिडीच्या तळच्या पायरीवर उभा राहिला. त्या शिडीची रीत तेव्हा अशी होती: शिपाई, मग नाईक, मग हवालदार, मग सहायक फौजदार. त्याच्या वर फौजदार, म्हणजे पोलीस उपनिरीक्षक. शिपाई म्हणून भरती झालेल्या बहुतेकांची नोकरी सहायक फौजदारापर्यंत येऊन संपायची. खांद्यावर एक तारा येतो, एवढंच. २००८ साली ओंबळे या तारेपाशी पोचले होते. पन्नाशी उलटली होती. घरी पत्नी आणि चार मुली. नेमणूक डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग पोलीस ठाण्यात. मुंबईतली माणसं त्याला नुसतं 'डी. बी. मार्ग' म्हणतात.

आता ती रात्र.

कराचीहून समुद्रमार्गे निघालेले लष्कर-ए-तैयबाचे दहा हत्यारबंद इसम वाटेत 'कुबेर' नावाचा मासेमारीचा ट्रॉलर ताब्यात घेऊन, त्यावरच्या आपल्या खलाशांचे जीव घेऊन मुंबईजवळ आले, आणि रबरी होडीतून कुलाब्याच्या बाजूला कोळीवाड्यापाशी उतरले. दोन-दोनांच्या जोड्या करून शहरात पांगले. ताजमहाल हॉटेल, ट्रायडंट-ओबेरॉय, नरीमन हाऊस, लिओपोल्ड कॅफे ही नावं तुम्ही वाचलेली आहेत. अजमल कसाब आणि इस्माईल खान ही जोडी छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गेली. लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट बघत गाठोड्यांवर बसलेली माणसं तिथं होती. पन्नासहून जास्त लोक त्या एका स्थानकावर गेले. गावाकडं निघालेले, गावाकडून आलेले. त्यांच्यात आपल्यासारखेच लोक होते, हे वेगळं सांगायला नको. स्थानकावरच्या पोलिसांजवळ जुन्या थ्री-नॉट-थ्री बंदुका, काहींजवळ नुसत्या काठ्या. रेल्वे पोलिसांचे वरिष्ठ निरीक्षक शशांक शिंदे तिथंच पडले.

तिथून ही जोडी कामा हॉस्पिटलच्या बाजूला आली. रंगभवनच्या गल्लीत पोलिसांच्या क्वालिस गाडीवर गोळीबार झाला. त्या गाडीत दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे, अतिरिक्त आयुक्त अशोक कामटे आणि निरीक्षक विजय साळसकर होते. तिघेही गेले, त्यांच्याबरोबर तीन शिपाईही गेले. मागच्या बाजूला शिपाई अरुण जाधव जखमी होऊन सहकाऱ्यांच्या प्रेतांखाली निपचित पडून राहिले. मारेकऱ्यांनी ती गाडीच पळवली, जाधव आतच. मेट्रो सिनेमाच्या चौकात जमलेल्या लोकांवर त्यांनी त्याच गाडीतून गोळ्या झाडल्या. पुढं टायर बसलं, गाडी टाकून त्यांनी नरीमन पॉइंटच्या बाजूला एक रुपेरी स्कोडा हिसकावली. ते उतरून गेल्यावर जाधवांनी जखमी हातानं बिनतारी संदेश दिला. आम्ही हे मुद्दाम लिहितो आहोत, कारण चौपाटीवर जे घडलं त्याची दोरी इथून सुरू होते. एका जखमी शिपायानं निरोप दिला, नियंत्रण कक्षानं तो शहरभर फिरवला: रुपेरी स्कोडा, दोन इसम, हत्यारबंद.

मरीन ड्राइव्हनं सरळ आलं की गिरगाव चौपाटी लागते. डी. बी. मार्ग ठाण्याच्या लोकांनी रस्त्यावर लोखंडी अडथळे लावून नाकाबंदी केली होती. निरीक्षक हेमंत बावधनकर, सहायक निरीक्षक संजय गोविलकर, उपनिरीक्षक भास्कर कदम आणि त्यांचे लोक. ओंबळे त्यांच्यातच. साधारण साडेबाराचा सुमार, म्हणजे तारखेनं २७ उजाडली होती. अधिकाऱ्यांजवळ पिस्तुलं, रिव्हॉल्व्हर. ओंबळ्यांजवळ काठी.

स्कोडा आली. अडथळ्यांच्या अलीकडं काही अंतरावर थांबली. दिवे प्रखर केले, काचेवर पाण्याचे फवारे मारून वायपर चालू केले, म्हणजे बाहेरच्याला आत कोण आहे ते दिसू नये. पोलिसांनी दिवे बंद करा, हात वर करा म्हणून ओरडून सांगितलं. गाडी जोरात उठली, वळून परत जायला बघत होती, ती दुभाजकावर चढून अडकली. इस्माईलनं पिस्तूल चालवलं, पोलिसांच्या गोळ्यांनी तो पडला. दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि कसाब बाहेर आला. पायांशी लपवलेली बंदूक त्याच्या हातात होती.

ओंबळे त्याच्या सर्वांत जवळ होते. त्यांनी पुढं होऊन बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली.

एके-४७चा घोडा दाबून धरला की गोळ्या एकामागोमाग सुटत राहतात आणि नळी भाजते. पोटात गोळ्या बसल्या तरी ओंबळ्यांनी नळी सोडली नाही. नळी त्यांच्या अंगाकडं राहिली म्हणून मागच्या लोकांकडं वळली नाही. गोविलकरांच्या कमरेला गोळी लागली, पण ते वाचले. बाकीच्यांनी कसाबवर काठ्यांनी, हातांनी झडप घातली आणि त्याला जमिनीवर दाबला. गोळी घालून मारला नाही, धरला. ओंबळ्यांना जवळच्या रुग्णालयात नेलं. ते वाचले नाहीत.

किती वेळ लागला असेल या सगळ्याला? आपल्या काट्यावर गाडी चढून उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढासुद्धा नाही.

शौर्याच्या गोष्टी सांगताना आपल्याकडं 'जिवावर उदार झाला' असं म्हणून पुढं जायची सवय आहे. आम्हांला तेवढ्यावर थांबावंसं वाटत नाही. ओंबळ्यांनी जे केलं त्याचा उपयोग काय झाला, हे नीट मांडल्याशिवाय त्या मरणाची किंमत कळत नाही.

दहा जण आले होते. नऊ मेले. एकूण १६६ निरपराध माणसं आणि आपले जवान-पोलीस त्या तीन दिवसांत बळी पडले. मेलेले नऊ हल्लेखोर काही बोलणार नव्हते. त्यांच्या खिशांत हैदराबादच्या कॉलेजची खोटी ओळखपत्रं होती. दहावाही मेला असता तर? हे लोक हिंदुस्थानातलेच आहेत, आमचा काही संबंध नाही, असं म्हणायला वाट मोकळी होती. तसं म्हणायला सुरुवातही झाली होती. पण दहावा जिवंत होता. त्यानं नाव सांगितलं, गाव सांगितलं: पंजाब प्रांतातलं, ओकारा जिल्ह्यातलं फरीदकोट. शिकवणी कुठं झाली, होडी कुठून सुटली, सूचना कोण देत होतं, ते सांगितलं. जानेवारी २००९ मध्ये पाकिस्तान सरकारला तो आपला नागरिक असल्याचं कबूल करावं लागलं. आपल्या भाषेत सांगायचं तर काट्याची पावती हातात आली. पावती नसली की वजनावरून नुसती हुज्जत चालते. पावती असली की समोरच्याला हिशेब टाळता येत नाही.

आणखी एक. त्याला चौकात लटकवला नाही. आर्थर रोड तुरुंगात विशेष न्यायालय बसलं, न्यायमूर्ती एम. एल. तहलियानी यांच्यासमोर साडेसहाशेच्या वर साक्षीदार तपासले गेले, आरोपीला वकील दिला गेला. ३ मे २०१० रोजी तो दोषी ठरला, ६ मे रोजी फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयानं २१ फेब्रुवारी २०११ रोजी आणि सर्वोच्च न्यायालयानं २९ ऑगस्ट २०१२ रोजी ती कायम केली, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी सकाळी येरवड्यात ती अमलात आली. मधल्या काळात पारावर किती तावातावानं बोललं गेलं! तुरुंगात त्याला बिर्याणी खाऊ घालतात, हे तर पोरासोरांच्या तोंडी झालं होतं. पुढं २०१५ साली खुद्द सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच सांगितलं, की बिर्याणीची गोष्ट आपण रचली होती. असो. मुद्दा असा, की कायद्यानं जे चार वर्षं चाललं ते चालू शकलं, कारण एका सहायक फौजदारानं आरोपी जिवंत हाती दिला होता. या कटातला दुसरा एक आरोपी तहव्वूर राणा एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतून भारतात आणला गेला. म्हणजे चौपाटीवर हाती आलेला धागा सतरा वर्षं झाली तरी ओढला जातो आहे.

ओंबळे एकटे नव्हते, हेही लिहायला हवं. त्या हल्ल्यात सुरक्षा दलांचे १८ जण गेले. त्यांपैकी पाच-सहा नावंच लोकांच्या लक्षात आहेत, बाकीची शिलालेखावर. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात, म्हणजे आपल्यासारख्याच ऊसपट्ट्यात, सुलतानपूर नावाचं लहानसं गाव होतं. तिथला राहुल शिंदे हा तरुण राज्य राखीव पोलीस दलात होता. ताजमध्ये अगदी सुरुवातीला शिरलेल्यांत तो होता आणि तिथंच पोटात गोळी लागून गेला. वडिलांनी मिळालेल्या मदतीतून गावात त्याचं स्मारक बांधलं. गावानं ठरवलं की गावाचंच नाव बदलायचं, आणि सुलतानपूरचं राहुलनगर झालं. सरकारदरबारी नाव बदलणं किती कटकटीचं असतं ते सातबाऱ्यावरचं एक अक्षर दुरुस्त करायला गेलेल्याला विचारा. त्या गावानं ते तडीस नेलं.

केडंब्याच्या वाट्यालाही मानसन्मान आले. २६ जानेवारी २००९ रोजी ओंबळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. शांततेच्या काळातलं हे देशातलं सर्वोच्च शौर्यपदक. त्याच दिवशी करकरे, कामटे, साळसकर यांनाही ते दिलं गेलं. म्हणजे पथकाचा प्रमुख, अतिरिक्त आयुक्त आणि सहायक फौजदार एका ओळीत बसले. जिवंतपणी ज्यांना ओंबळ्यांनी सलाम ठोकला असता, त्यांच्या बरोबरीनं त्यांचं नाव वाचलं गेलं. गिरगाव चौपाटीवर त्यांचा पुतळा उभा आहे. मुंबईला गेलात तर फिरायला चौपाटीवर जाताच, पुतळ्यापाशी दोन मिनिटं उभं राहायला वाट वाकडी करावी लागत नाही.

एक मान मात्र असा आहे की तो शेतकऱ्यालाच जास्त कळेल. २०२१ साली ठाणे-कल्याण परिसरात संशोधकांना कोळ्याची एक नवी जात सापडली. तिला त्यांनी ओंबळ्यांचं नाव दिलं: आयसियस तुकारामी. हा उड्या मारणारा कोळी. तो जाळं विणून वाट बघत बसत नाही, भक्ष्यावर झेप घेतो. उसाच्या फडात अशा उडत्या कोळ्यांच्या जाती तुम्ही पाहिलेल्या आहेत. बारक्या किडी खाऊन ते आपलं कामच करतात, आणि आपण औषधाचा पंप घेऊन त्यांनाही मारतो. नाव शोधणाऱ्यांनी विचार करून दिलं, असं आम्हांला वाटतं. पुतळ्यावर कावळे बसतात, पण शास्त्राच्या ग्रंथात एकदा नाव चढलं की ते सहसा पुसलं जात नाही.

गावातल्या स्मारकाचं मात्र रेंगाळलं. केडंब्यात स्मारक व्हावं ही मागणी जुनी होती. ऑगस्ट २०२५ मध्ये राज्य शासनानं १३ कोटी ४६ लाख रुपयांच्या स्मारकाला मंजुरी दिली आणि २ कोटी ७० लाखांचा पहिला हप्ता सोडला. घटना २००८ची, हप्ता २०२५चा. दिलेल्या पैशाबद्दल आम्ही धन्यवादच देतो. पण सतरा वर्षं म्हणजे सतरा गळीत हंगाम. त्या रात्री जन्मलेलं पोर आता भरतीच्या मैदानावर धावायचा सराव करू लागलं आहे. आमचं स्पष्ट मत असं, की हुतात्म्याचं स्मारक त्याच्या आईबापांच्या, भावंडांच्या, शाळूसोबत्यांच्या डोळ्यांदेखत झालं पाहिजे. नंतर होतं ते नवीन पिढीसाठी, त्याचंही मोल आहे. पण ज्यांना त्याचा चेहरा आठवतो त्यांचं देणं वेगळं असतं.

आणि स्मारकाबरोबर दुसरा हिशेबही बघायला हवा, तो म्हणजे ओंबळ्यांच्या हातातल्या काठीचा. हल्ल्यानंतर ३० डिसेंबर २००८ रोजी शासनानं राम प्रधान समिती नेमली. तिच्या अहवालातून जे बाहेर आलं त्यात दारूगोळ्याच्या तुटवड्यामुळं पोलिसांचा नेमबाजीचा सरावच झालेला नव्हता, हेही होतं. बंदुका जुन्या, जाकिटांच्या खरेदीवरून वर्षानुवर्षं गदारोळ. नंतर 'फोर्स वन' हे खास पथक उभं राहिलं, नवी हत्यारं आली, सागरी बंदोबस्त वाढला. हे चांगलंच झालं. पण रस्त्यावरच्या शिपायाचं काय? बारा-बारा तासांची पाळी, सणवार नाही, रजा अर्जातच अडकलेली. २०१६ साली मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तोसुद्धा एका शिपायानंच मांडलेल्या आराखड्यावरून. साखर कारखान्यात बॉयलरवर आठ तासांच्या तीन पाळ्या असतात, कारण बारा तास जागलेल्या माणसाच्या हाती वाफ द्यायची नसते, हे आपल्याला कळतं. मग बारा तास जागलेल्याच्या हाती नाका कसा द्यायचा?

काठीची बाजू घेऊन कोणी म्हणेल, की शौर्य हत्यारावर नसतं. खरं आहे. पण हे म्हणण्याचा अधिकार ओंबळ्यांना होता, हत्यारं खरेदी करणाऱ्याला नाही.

आता थोडं आपल्या वेशीवरचं.

हंगामात रात्री-अपरात्री आपल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, बैलगाड्या रस्त्यावर असतात. फाट्यावर, पुलापाशी एखादा हवालदार, एखादा होमगार्ड काठी घेऊन उभा असतो. थंडी मी म्हणत असते. तो गाडी थांबवतो. मागं लाल पट्टी का नाही, दोन ट्रॉल्यांत एवढा भार का, टेप एवढ्या मोठ्यानं का लावला, मागून हॉर्न वाजवणारा ऐकू येतो का, असं विचारतो. आपल्यातले काही जण लगेच खिशातून फोन काढतात, 'संचालकांना लावू का?' म्हणून. हा फोन लावणारे सभासद तुमच्याही गावात आहेत, नावं घ्यायची गरज नाही. संचालक मंडळींपैकी कोणी असा फोन घेऊन पोलिसाला दबावात आणत असेल, तर त्यांनीही हा परिच्छेद आपल्याचसाठी आहे असं समजावं. पत्रिका कारखान्याची आहे म्हणून आम्ही तो गाळणार नाही.

पोलीस खात्यात सगळे ओंबळे नसतात, हे आम्हांलाही समजतं. नाक्यावर चिरीमिरी मागणारा भेटला तर त्याची लेखी तक्रार करा. ती करायची जागा आहे, आणि ओंबळ्यांच्या नावाखाली कुणी झाकून घ्यावं असं आम्ही म्हणत नाही. पण गाडी थांबवणारा प्रत्येक जण पैशासाठीच थांबवतो, हे गृहीत धरून चालणाऱ्यानं एवढं ध्यानात घ्यावं: चौपाटीवर त्या रात्री होती तीसुद्धा नाकाबंदीच होती. त्या रस्त्यानं हजार गाड्या आल्या-गेल्या असतील. नाक्यावरच्या माणसाला हजारावी गाडी कुठली ते आधी कळत नाही, म्हणून तो सगळ्याच थांबवतो.

गावोगावी आता पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी दिसतात. पहाटे कारखान्याच्या रस्त्यावर धावताना तुम्ही त्यांना पाहता. कुणाच्या बापाचा एक एकर ऊस, कुणाचा अर्धा. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या खोलीत ओंबळ्यांचा फोटो असतो. आम्ही त्यांना एवढंच सुचवू, की फोटोबरोबर त्या खटल्याचा निकालही कधी तरी वाचा. नाकाबंदी कशी लावतात, साक्ष कशी होते, पंचनाम्यातली एक ओळ वर्षांनंतर कशी कामाला येते, हे त्यात आहे. नुसत्या छातीवर भागत नाही, नोंदही नीट लागते.

दर वर्षी २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन असतो. १९५९ साली त्या दिवशी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज इथं चिनी सैन्याच्या गोळीबारात आपले दहा पोलीस जवान पडले, तेव्हापासूनची ही रीत. प्रत्येक जिल्ह्याच्या पोलीस मैदानावर सकाळी संचलन होतं आणि वर्षभरात देशभर कर्तव्यावर असताना मरण पावलेल्यांची नावं वाचून दाखवतात. नावं पुष्कळ असतात, वाचायला वेळ लागतो. खुर्च्या अधिकाऱ्यांच्या आणि नातेवाइकांच्या, गर्दी फार नसते. २१ ऑक्टोबर म्हणजे दसरा-दिवाळीच्या आसपासचे दिवस, तोडणी बहुधा सुरू झालेली नसते, टोळ्या अजून यायच्या असतात. साताऱ्याला कामानिमित्त गेलेल्या सभासदाला तासभर मागं उभं राहता येईल.

आणि परावर्तक लाल पट्ट्या गट कार्यालयात मिळतात. ज्यांच्या ट्रॉल्यांना अजून लावलेल्या नाहीत त्यांनी या आठवड्यात घेऊन जाव्यात.